नवऱ्याच्या नावाचा धडा

धानाच्या मुलखातल्या आमच्या गोरेगावात बचत गटाच्या बायांना इंग्रजी शिकवायला एक परदेशी पोरगी सहा महिने बिनपगारी आली होती. बदल्यात आम्ही तिला मराठी शिकवणार होतो. पुस्तकातली नाही, आमची.

पहिल्याच आठवड्यात तिने फळ्यावर 'माझ्या नवऱ्याचं नाव' असं इंग्रजीत लिहिलं आणि पुढची जागा रिकामी सोडली. धानाच्या रोवणीला बांधीतल्या चिखलात दिवसभर बडबडणाऱ्या आम्ही बारा जणी एकदम मुक्या झालो. बिचारीला वाटलं, वाक्यच कठीण आहे. तिने ते चारदा म्हणून दाखवलं. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, एवढं सांगण्यापुरतं इंग्रजी कोणाला येत होतं?

शेवटी माझ्या बाजूवालीने माझ्या नवऱ्याचं नाव सांगून टाकलं, मग मी तिच्या नवऱ्याचं. वर्ग असा रंगला की विचारू नका. सहा महिन्यांत आम्ही दुसरीच्या घरचं सगळं इंग्रजीत सांगायला शिकलो. स्वतःच्या घरचं विचारा, की गप्प.

परवा तिचा व्हिडिओ कॉल आला. लग्न केलं म्हणाली. मी ऐटीत, इंग्रजीतून नवऱ्याचं नाव विचारलं. ती तोंडावर हात ठेवून हसली.

"मले कायले विचारून राहिली बाई? बाजूवालीले विचार!"