लिलावातली गवताची पेंढी

माझ्या बायकोचं माहेर सोनईचं, शेतकऱ्याचं. तिचं लहानपण हातात खुरपं घेऊनच गेलेलं. त्यामुळे नगरच्या घरापुढं मी मुद्दाम गवत लावलं, तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. "आमच्याकडं गवत काढाया बाया लावत्यात, आन् तुमी त्याला पानी घालता!"

मी कसला ऐकतोय! अकोले तालुक्याच्या डोंगरातून पवन्या गवत आणलं, माळावरून मारवेल आणि मधल्या वाफ्यात जवस पेरला. जाता-येता कुणी विचारलं, "सर, हे काय?" की मी गंभीर चेहऱ्यानं सांगायचो, "बाहेरची जात आहे." एकानं तर बी मागून नेलं. त्याच्या स्वतःच्या बांधावर तेच गवत गुडघाभर असतं. जवसाला निळी फुलं आली तेव्हा ही रोज सकाळी चहाचा कप घेऊन वाफ्यापाशी उभी राहायची, पण आवडलं म्हणून कबूल करील तर शपथ.

शेवटी तिनं अट घातली. आमच्या चर्चमध्ये सुगीच्या सणाला जो तो आपल्या मळ्यातलं, परसातलं काहीतरी आणून ठेवतो आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. "तुमचं गवत ठिवा तितं. कुनी बोली लावली तर ऱ्हाऊ द्या. न्हाईतर मी अंगनात फरशी घालनार."

मी लगेच हो म्हणालो. गल्लीतला म्हसवाला आमच्याच मंडळीतला. त्याला गाठून पढवून ठेवलं, की माझ्या गवतावर बोली लावायची आणि काही झालं तरी मागं हटायचं नाही.

सणाला पपया, वांगी, कोंबड्या भराभर गेल्या. मग माझी पेंढी वर झाली. पिवळा पवन्या, मारवेल आणि बोंडांनी लगडलेला जवस. "हे कुणाच्या म्हशीचं राहिलं?" पुकारणाऱ्यानं विचारलं आणि अख्खं चर्च हसलं. मीही हसायला हवं होतं, पण मला फार लागलं ते. म्हसवाला तर लाजून खालीच बघत बसला. पुकारणारा पेंढी बाजूला ठेवू लागला. म्हणजे अटीत बायकोच जिंकली होती.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं बोली आली. मान वळवून बघतो तर आमचीच! संतापानं लाल झालेली.

आता म्हसवाल्याला मला दिलेला शब्द आठवला. त्यानं बोली वाढवली. हिनं त्याहून वाढवली. मी डोळे वटारून त्याला थांब म्हणत होतो, त्याला वाटलं सर जोर देतायत. हसणं कधीच थांबलं होतं. एवढं काय आहे त्यात, म्हणून लोक माना उंच करून पेंढीकडं बघत होते. शेवटी ती हिला मिळाली, कोंबड्यांपेक्षा महाग.

बाहेर आल्यावर म्हसवाल्यानं माती खाल्ली. "बाई, सरांनीच सांगितलं हुतं. म्हणून तर मी लई नेटानं लढलो!"

मी चपलेचा पट्टा नीट करायला खाली वाकलो.

"घरात मी पोटभर नावं ठिवीन," ही म्हणाली, "पर चारचौघांत माझ्या दारच्या वस्तूला कुनी हसायचं न्हाई."

"मग फरशी?" मी हळूच विचारलं.

"कशानं घालू? फरशीचं पैसं तुमच्या गवतात गेलं," ती म्हणाली, आणि पेंढी माझ्या हाती न देता पोटाशी धरून चालू लागली.