‘ने’ दिसला की बाय

अर्ज माझ्याविरुद्ध होता आणि खाली सह्या माझ्याच दहावीच्या मुलांच्या. ‘मॅडम व्याकरण शिकवत नाहीत, नुसतं बोलायला लावतात. नियम लिहून द्यावेत.’

मुख्याध्यापक म्हणाले, “उद्या वर्गात येऊन बसतो. पोरांचं खरं निघालं, तर सोमवारपासून दहावी दुसऱ्या सरांकडे.”

मला संताप आला. घोडेगावजवळच्या या शाळेत अठरा वर्षं इंग्रजी शिकवतेय. यंदा ट्रेनिंगहून आल्यावर मी सूत्रं बंद केली. मुलांनी आधी बोलावं, चुकावं, मग त्या चुकीतून नियम काढावा. मुलांच्या मते या गप्पा. फळ्यावर चौकट आखून नियम लिहिला, तरच ते शिकवणं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक सर मागच्या बाकावर बसले. मी कोमलला उभं केलं. “काल बाजारात काय झालं? इंग्रजीत सांग.”

“बाय माय फादर सोल्ड द काऊ.”

“बाय कशाला?”

“वडलांनी विकली ना, मॅडम. ‘नी’ हाय की.”

झालं. महिनाभर हेच चाललं होतं. मराठीत ‘विकली’ म्हटलं की कर्त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ चिकटतो. इंग्रजीत कर्ता कोराच राहतो, ‘माय फादर सोल्ड’. गायीला पुढे आणून वडिलांना मागे ढकललं, म्हणजे पॅसिव्ह व्हॉइस केला, तरच ‘बाय’ लागतो. चार वेळा सांगून झालं होतं. माझं डोकंच फिरलं.

“हे असलं तुला शिकवलं कुणी?”

कोमलने दप्तरातून आठवीची वही काढली. “तुमीच, मॅडम.”

लाल चौकट. ‘ने, नी दिसला की बाय.’ परीक्षेच्या तोंडावर मीच घाईत दिलेलं सूत्र, खाली ‘गुड’ लिहून माझी सही.

“लई सोपं हुतं, म्हणून जपून ठिवलं,” ती म्हणाली. मला कुठे तोंड लपवावं कळेना.

ऑफिसात सरांनी चहा मागवला. “पोरं तुमचं ऐकतात, मॅडम. जरा जास्तच ऐकतात. वर्ग तुमच्याकडेच राहू द्या. पण तासाच्या शेवटी एक चौकट देत जा.”

मुलं शिकवलेलं विसरतात, उतरवून घेतलेलं विसरत नाहीत, हे मला अठरा वर्षांनी कळलं. म्हणून पहिली चौकट फार विचार करून दिली: ‘ने दिसला की आधी थांबा.’

सगळ्यांनी मुकाट्याने उतरवून घेतली. मग कोमलने हात वर केला.

“मॅडम, किती वेळ थांबायचं?”