हिरूवैनींचं कुंपण

हिरूवैनी पेरण्याआधी प्रत्येक बी कोयत्याच्या पात्यावर घासायच्या. गोकर्णाचं बी उडदाएवढं, काळं आणि भलतंच टणक. एकेका बीला चीर पाडताना त्या दात खाऊन म्हणायच्या, "घे दाम्या! घे मेल्या!" पेणजवळच्या कासू गावच्या शाळेत माझी नेमणूक झाली आणि मी त्यांची खोली भाड्याने बघायला गेलो, तेव्हा हे दृश्य पाहून उंबऱ्यावरूनच परतणार होतो.

"वैनी, असं चिरल्यावर बी मरेल की!"

"मरत नाय. कवच फुटल्याबिगर कोंब भायेर येत नाय. तुमी मास्तर ना? मग पोरांना छडी कशाला मारता?"

मी खोली घेतली.

दामू म्हणजे त्यांचा धाकटा दीर. मिठागरावर कामाला जायचा आणि घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात राहायचा. नवरा गेल्यावर वाटणी झाली: घराचा अर्धा भाग वैनींना हयातीपुरताच, अंगणातला चार हात रुंद पट्टा मात्र कायमचा. त्यांची एकुलती एक मुलगी पारू रोह्याला दिलेली. जावई दारू पिऊन तिला मारायचा. ती कधी परत आली तर तिला झोपडं घालायला तेवढीच जागा होती. दामू मात्र दरवर्षी कुंपणाचे खांब वीतभर अलीकडे सरकवायचा. म्हणून वैनींनी हद्दीवर गोकर्ण पेरला. "खांब चालतात. मुळं चालत नाय," असं त्या म्हणायच्या.

एका वर्षी वेल भरात असताना तीन दिवसांत पिवळा पडला. वैनींनी बुडातली चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकली. दामूने मिठागरातलं खारं पाणी आणून ओतलं होतं. वैनींनी घमेलं भरून माती घेतली आणि त्या तरातरा दामूच्या ओटीवर चढल्या. तो जेवत होता. त्याचे केस धरून त्यांनी ती माती मुठीमुठीने त्याच्या तोंडात कोंबली. "खा! तूच आनलंस, तूच खा!" दामूने चाचपडत शेजारचा कोयता उचलून चालवला. वैनींच्या उजव्या हाताची दोन बोटं त्याच्या भाताच्या ताटाशेजारी पडली.

मी त्यांना पेणच्या दवाखान्यात नेलं. हवालदार जबाब घ्यायला आला, तर त्याच्यावरच डाफरल्या, "त्याला आत टाकून माझी माती गोडी होनार हाय काय? मना रोह्याची लाल माती पायजे, धा पोती. त्यानंच आनायची."

आणि दामूने आणली. रोह्याहून गाडीने, दोन-दोन पोती करून. खारी माती उपसून त्याने चर भरला. वैनी हाताला पट्टी बांधून समोर बसल्या होत्या, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. त्या पावसाळ्यात नव्याने पेरलेला वेल कौलांवर गेला. इतका निळा बहर मी पुन्हा पाहिला नाही. मला या बाईची भीती वाटायची आणि तिचा अभिमानही वाटायचा.

काही वर्षांनी वैनी तापाने गेल्या. महिन्याच्या आत दामूने वेल मुळासकट खणून जाळला, जमीन सपाट केली आणि कुंपण थेट वैनींच्या ओटीला आणून भिडवलं. त्यानंतर पारू आली. हातात कपड्यांच्या दोन पिशव्या, ओठ फाटलेला, एक डोळा सुजून बंद झालेला. तिने पंच बोलावले. हद्द नेमकी कुठे होती ते सांगू शकेल असा, दामू सोडून, मी एकटाच होतो.

दामू कमरेचा कोयता चाचपत माझ्यासमोर उभा राहिला. "सांगा मास्तर, कुंपन हितंच व्हतं ना?"

मला त्या हद्दीचा हातन् हात पाठ होता. मी म्हणालो, "बहुतेक."

पारूने माझ्याकडे पाहिलं. शिवी दिली नाही, हात उचलला नाही. आईसारखी असती तर तिने मला तिथेच आडवं केलं असतं, आणि मी निमूट मार खाल्ला असता. तिने दोन्ही पिशव्या उचलल्या आणि ती रोह्याच्या गाडीकडे निघाली, त्याच नवऱ्याच्या घरी.