कावून मिस्त्रीची भिंत

सिरसाळ्यात येऊन मैनुद्दीन मिस्त्रीचं घर विचारलंत तर लोक डोकं खाजवत बसतील. ‘कावून मिस्त्री’ म्हणा, कुणीही दारापर्यंत आणून सोडेल. आमच्याकडं ‘का’ला ‘कावून’ म्हणतात, आणि या बाबाच्या तोंडात दिवसभर तोच एक शब्द. चहावाल्यानं आज किटली डाव्या हातात धरली, कावून? लिंबाला एकाच बाजूनं मुंग्या लागल्या, कावून? एकदा कुणाच्या मयतीला गेला आणि तिरडीला हीच गाठ कावून मारतात म्हणून विचारत बसला. शेवटी दोघांनी दंडाला धरून बाजूला नेला. त्याची बायको अमीरबी म्हणते, “निकाहात काझीनं कबूल हाय का म्हणून इचारलं, तवा तेवढं एकदाच ह्यानं कावून म्हणलं न्हाई.” आणि लगेच पुढं म्हणते, “पण सगळं इचारून इचारून डोक्यात साठवतो. आपण काय इचारलं तर एक शब्द सांगंल का? न्हाई.”

अठ्ठावन्न वर्षांचा गडी. पस्तीस वर्षं विटा आणि ब्लॉकमध्ये गेली. बंगला नाही, गाडी नाही, पण मैनुद्दीननं बांधलेली भिंत पडत नाही, असं पंचक्रोशीत बोललं जायचं. तेवढीच त्याची कमाई होती, आणि ती गेल्या सप्टेंबरात सुंदररावाच्या अंगणात चिखलात गेली.

सुंदररावाचं घर गावाच्या उताराला. वर गोठा, खाली अंगण. दर पावसाळ्यात गोठ्याकडची माती घसरून अंगणात यायची. ती अडवायला मैनुद्दीननं त्याआधीच्या हिवाळ्यात सिमेंटच्या ब्लॉकची भिंत बांधली होती, चाळीस फूट लांब आणि पाच फूट उंच. काम मन लावून केलं होतं. काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत पाया खोदला. भिंतीमागं गिट्टी भरली. आणि बुडाशी पाइपाचे आठ तुकडे आरपार बसवले, मातीत मुरलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून.

सप्टेंबरात दोन दिवस पाऊस लागून राहिला आणि तिसऱ्या दिवशी दुपारी, बुडाचा थर सोडून, मधली चौदा फूट भिंत धाडदिशी अंगणात आली. तिथंच सुंदररावाची ऐंशी वर्षांची आई तुळजाबाई रोज भांडी घासायला बसते. दूध उतू जायला लागलं म्हणून म्हातारी नुकतीच उठून आत गेली होती, म्हणून वाचली. मग काय, गावाला तेवढंच पुरलं. कावून मिस्त्रीच्या भिंतीनं म्हातारी खाल्ली असती, असं जो तो बोलायला लागला. लोक बोलतात याचं मैनुद्दीनला दुःख होतंच, पण त्याहून मोठं दुःख हे, की भिंत कावून पडली ते त्याला कळत नव्हतं.

सुंदररावानं परळीचा ठेकेदार ठरवला. शुक्रवारी जेसीबी येऊन ढिगारा उचलणार होता. गुरुवारी सकाळीच मैनुद्दीन पहार घेऊन दारात हजर.

“सुंदरराव, ढिगारा मला उचलू द्या. मजुरी नको.”

“कावून?” सुंदरराव खवचटपणे म्हणाला.

“तेच बघाया आलोय.”

मग तो कामाला लागला. ब्लॉक उचलायचा, चारी अंगांनी बघायचा, ज्या क्रमानं निघाला त्या क्रमानं मांडून ठेवायचा. सुंदररावाचा पोरगा अंगद ओट्यावरून हसला, “मिस्त्री, पोस्टमार्टम करताव का?” मैनुद्दीननं एक ब्लॉक फोडून बघितला, पक्का निघाला. सांध्यातलं सिमेंट खिळ्यानं खरवडलं, खिळाच वाकला. उभ्या राहिलेल्या भिंतीला ओळंबा लावला, दोरी केसभर हलली नाही. पाया उकरला, तोही जागच्या जागी. एखाद्याला आनंद झाला असता. मैनुद्दीनच्या तोंडचं पाणी पळालं. सगळंच बरोबर असेल तर चूक अशा ठिकाणी असणार जिथं आपली नजरच पोचत नाही, आणि मग उद्यापासून थापी हातात कुठल्या तोंडानं धरायची?

दुपार टळली. वरून आलेल्या चिखलात भिंतीचं बूड या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडलं गेलं होतं. तो चिखल उपसत तो पाइपापर्यंत आला. पाइप आतून कोरडा ठणठणीत. मागं ओलीगच्च माती आणि पाइपात थेंब नाही, असं कसं? त्यानं तार घालून बघितली. काहीतरी मऊ लागलं. ओढलं तर शेणमातीनं लिंपलेला चिंध्यांचा बोळा बाहेर आला. दुसऱ्या पाइपात तसाच. तिसऱ्यात तसाच. आठच्या आठ भोकं बुजवलेली!

त्यानं एक चिंधी बादलीत धुतली. हिरवं कापड, लाल काठ. हा काठ तो ओळखत होता. काम चालू असताना त्यानंच तुळजाबाईला विचारलं होतं, हिरव्या लुगड्याला असला लाल काठ कावून, आणि पाटोद्याच्या बाजारात ते लुगडं कसं घेतलं ते सांगण्यात म्हातारीनं अख्खी दुपार घालवली होती.

खोटं कशाला बोलू, मैनुद्दीनला त्या घटकेला नाचावंसं वाटलं. चिंधी हातात नाचवत तो ओरडला, “सुंदरराव! अंगद! या हिकडं! पाणी आत कोंडलं, माती फुगली, तिनं भिंत ढकलली! माझ्या हातची भिंत पडली न्हाई, ही भोकं कुणीतरी बुजवली!”

सुंदररावानं चिंधीकडं बघितलं, मग आईकडं. तुळजाबाई उंबऱ्यातून हळूहळू बाहेर आली.

“मीच घातले बोळे,” ती म्हणाली. “उन्हाळ्यात तिसऱ्या भोकातून नाग डोकावला. मी भांडी घासती तिथून हातभर लांब. घरात सांगितलं असतं तर अंगदनं काठीच घेतली असती. नागाला मारू द्यायचं व्हय? म्हणून बुजवली.” मग ती मैनुद्दीनकडं वळली. “पण मिस्त्री, म्या तुला इचारलं व्हतं. भिंत चालू व्हती तवा. म्हणलं, बाबा, ही भोकं कावून ठिवलीस? तू काय म्हणलास?”

मैनुद्दीनचा हात हळूच खाली आला. त्याला आठवलं. तो ओळंब्याकडं बघत होता, त्यानं मान वळवायचेही कष्ट घेतले नव्हते. म्हणाला होता, “असू द्या मावशी, तुमाला न्हाई कळायचं.”

“माय, तुझ्यापायी सारा इस्कोट झाला की!” सुंदरराव आईवर ओरडला.

“त्यांना बोलू नगा,” मैनुद्दीन म्हणाला. त्याला लाज वाटत होती, आणि ती लपवायचीही त्याला लाज वाटत होती. “जल्मभर मी गावाला इचारत फिरलो. मला एकदा इचारलं तर सांगितलं न्हाई. चूक माझी हाय.”

मग तो ओट्याच्या पायरीवर बसला. “मावशी, काळी माती पाणी पिली की फुगती. त्या पाण्याला वाट न्हाई मिळाली की सगळा जोर भिंतीवर येतो.”

म्हातारी म्हणाली, “म्हंजी पान्हा दाटतो तसं. लेकरू न्हाई पेलं की छाती फुटाया येती.”

मैनुद्दीन कानापर्यंत लाल झाला. “व्हय. तसंच.”

“आरं मुडद्या, मग एवढं आदी सांगाया काय झालं व्हतं?”

अंगदला हसू आवरेना. सुंदररावही शेवटी हसला आणि परळीला फोन लावून म्हणाला, जेसीबी नको, आमचा मिस्त्री हाय. बारा दिवसांत भिंत परत उभी राहिली. या वेळी प्रत्येक भोकाच्या तोंडाला बारीक जाळी बसवली, नाग डोकावू नये म्हणून. जाळीत काडीकचरा अडकला का ते रोज सकाळी बघायचं काम तुळजाबाईनं आपणहून घेतलं.

ऑक्टोबरात पुन्हा जोराचा पाऊस झाला. सकाळी मैनुद्दीन भाकरी खात बसला होता, तेवढ्यात अंगदच्या नंबरवरून फोन आला. पलीकडं तुळजाबाई.

“मिस्त्री, भिंत उभी हाय. सात भोकातून पाणी चालू हाय. पाचवं कोरडं. कावून?”

मैनुद्दीननं भाकरी खाली ठेवली आणि सांगायला लागला. वरचा उतार कुठून कुठं जातो, गिट्टी कुठं जास्त पडली, पाणी सोपी वाट कशी धरतं, सगळं सांगितलं. मध्येच थांबून “कळलं का मावशी?” असंही विचारलं. भाकरी गार झाली तरी फोन चालूच. अमीरबी परातीवरचा हात थांबवून नवऱ्याकडं बघत राहिली.

फोन ठेवल्यावर तिनं भीत भीत विचारलं, “कावून व्हतं वो पाचवं कोरडं?”

त्यानं ताट बाजूला सारलं आणि तिला पहिल्यापासून सांगायला घेतलं.