नकाशात फुगलेलं पल्याड

"माझं घर हिच्या ढुंगणावर का?"

सणाच्या कापडाचे गठ्ठे गावात आले, त्या सकाळी माझ्या शिलाईच्या दुकानात ऐकू आलेलं हे पहिलं वाक्य. दुसरं त्याहून वाईट होतं, ते सांगत नाही. कापडावर आमच्या न्सुआनो गावाचा नकाशा छापला होता. खाली समुद्राच्या लाटा, वर टेकडीवरची शेतं, मधे घरं, विहिरी, चर्च, बाजार. आता झगा शिवायचा म्हणजे कापड कापावं लागणार, आणि कापलं की कुणाची गल्ली छातीवर जाणार, कुणाची काखेत, आणि किनाऱ्यावरचा कोळीवाडा सगळाच्या सगळा बसायच्या जागी. बायकांनी मला भंडावून सोडलं. "एकुआ, माझी चूल शिवणीत गेली तर याद राख!" मी कात्री टेबलावर आपटली आणि म्हटलं, "ज्यांना घर पुढे पाहिजे त्यांनी मिरवणुकीत उलटं चालावं."

हा सगळा उपद्व्याप एग्या फीफींचा; एग्या म्हणजे आमच्याकडे वडीलधाऱ्याला मानाने म्हणतात ते. जन्मभर राजधानीत नकाशांच्या सरकारी कचेरीत रेघा ओढल्या, निवृत्त झाले आणि आईच्या घरात राहायला आले. येताना सोबत काय आणलं? एक उतरतं टेबल, शाईच्या बाटल्या आणि एक खोड. कुठेही तक्ता दिसला की त्यावर बोट ठेवायचं. दवाखान्यात लसींचा तक्ता लागला, तर म्हणे, "सिस्टर, ही रेघ चढतेय ती लसी जास्त टोचल्या म्हणून, की गावात मुलंच जास्त झाली म्हणून? दोन्ही रेघा काढा, त्याशिवाय कळायचं कसं?" बिचारीने काढल्या. तेव्हापासून ते दिसले की ती मागच्या दाराने पळते.

चर्चमध्ये तर कहर केला. आमच्याकडे अर्पण जन्मवाराप्रमाणे गोळा होतं. सोमवारवाले, मंगळवारवाले अशी चुरस लागते, आणि प्रार्थना घेणारे मास्तर डाड्झी भिंतीवर उभ्या रंगीत पट्ट्यांचा तक्ता लावतात. एका रविवारी मंगळवारवाल्यांची पट्टी छताला भिडलेली आणि शुक्रवारवाल्यांची जेमतेम गुडघ्याएवढी. फीफी शुक्रवारचे. भर प्रार्थनेत उठून उभे राहिले.

"मास्तर, पट्ट्या शून्यापासून का नाही काढल्या? बुंधे कापून नुसते शेंडे दाखवताय! पूर्ण काढा, मग बघू आम्ही किती भिकारी आहोत ते."

पूर्ण काढल्यावर फरक निघाला बोटभर. शुक्रवारवाले बाकांमधून नाचत गेले. मास्तर डाड्झींनी तो अपमान गिळला, पण पचवला नाही.

आता मुद्द्याचं सांगते. फीफींची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि त्यांचा जीव जडला होता आराबा मान्सावर. आराबा माझी लहानपणची मैत्रीण. खाडीच्या पल्याड राहते, भट्ट्यांवर मासे धुरावून विकते. नवरा समुद्राने नेला, मुलं तिने एकटीने मोठी केली. आवाज असा की पल्याड भट्टीपाशी कुणाला शिवी दिली तर मी अल्याड दचकते.

फीफींनी तिला घरी बोलावलं. केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उंडे, आणि तळलेली मासळी वाढली, लग्नाचं विचारलं आणि वर भिंतीवरचा गावाचा सरकारी नकाशा दाखवला, त्यांनी स्वतः काढलेला. काय माणूस! दुसऱ्या कुणी लुगडं दिलं असतं. आराबाने नकाशा वरपासून खालपर्यंत पाहिला.

"माझं घर कुठाय?"

खाडीपलीकडे नुसत्या निळ्या तुटक रेघा होत्या. फीफी म्हणाले, "त्या खुणेचा अर्थ दलदल. मोजणी पावसाळ्यात झाली होती ना, तेव्हा सगळीकडे पाणी..."

"म्हणजे मी पाण्यात राहते? मी काय बांगडा आहे?"

"आराबा, त्याचा नियम असा असतो की..."

"मग नियमाशीच लग्न करा. ज्या माणसाच्या कागदावर मी नाही, त्याच्या घरात कशाला येऊ?"

आणि निघून आली. उरलेली मासळी मात्र पानात बांधून घेऊन आली, हे ती स्वतःच हसत सांगते.

फीफी आठवडाभर अन्न सोडल्यासारखे हिंडले. तेवढ्यात आक्वांबो जवळ आला, आमचा रस्ते साफ करायचा सण. त्या दिवशी प्रत्येक आळी आपापली पायवाट झाडाझुडपांतून मोकळी करते आणि मग सगळं गाव नवी कापडं लेवून नाचतं. यंदाच्या कापडावर गावाचा नकाशा असावा असं राणीआईंनी, गावात शेवटचा शब्द ज्यांचा त्यांनी, ठरवलं आणि काम फीफींकडे आलं. फीफींनी मनाशी ठरवलं, आराबाचं घर नकाशात आणायचं आणि सणाच्या दिवशी तिला पुन्हा विचारायचं. हे त्यांनी फक्त मला सांगितलं. मला सांगितलं म्हणजे गावाला कळलंच.

मग रोज सकाळी बूट घालून, दोरी खांद्यावर टाकून ते पल्याड जायला लागले. बायकांना करमणूकच झाली.

"नकाशेवाले, माझी कोंबडी काढा की!"

"ती हलते."

"मी पण हलते, मला नाही का काढणार?"

फीफींचे कान लाल व्हायचे. आराबा त्यांच्याकडे ढुंकून बघायची नाही, पण भट्टीवरून ओरडायची, "ती भिंत पडलीय, ती काढू नका. उगाच खोटं नको!" ऐकत होती म्हणजे. मला तेवढंच पुरे होतं, मी मनातल्या मनात लग्नाचे झगे शिवायला घेतले.

तर कापड आलं, बायका ढुंगणावरून भांडत होत्या, आणि त्या गर्दीत मास्तर डाड्झी शिरले, हातात शाळेची पट्टी घेऊन. माझ्या टेबलावर त्यांनी कापड पसरलं.

"एकुआ, हे बघ. चर्चपासून बाजारापर्यंत जाताना माझी सगळी प्रार्थना म्हणून होते. पल्याडची वस्ती या टोकापासून त्या टोकाला जायला एक आमेन पुरतं. मग कापडावर पल्याड त्या वाटेपेक्षा मोठं कसं?"

मी वाकून पाहिलं. खरंच की! पल्याडची वस्ती भिजवलेल्या पिठासारखी फुगली होती. आराबाचं घर चर्चएवढं. खाडीवरच्या पुलापासून तिच्या दारापर्यंतची पायवाट, जिच्यावरून एक शेळी नीट जात नाही, ती राजधानीच्या हमरस्त्याएवढी रुंद. आणि कोंबडीसुद्धा होती! तसूभर इकडचं तिकडे खपवून न घेणारा आमचा फीफी, आणि हे? मला रडू येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं.

संध्याकाळी राणीआईंच्या अंगणात गाव जमलं. मास्तर डाड्झी इतके खूश मी कधी पाहिले नव्हते. एकेक माप पट्टी लावून दाखवलं आणि म्हणाले, "आम्हाला शून्यापासून मोजायला शिकवणारा माणूस हा! आता सांगा, बुंधा कुठाय आणि शेंडा कुठाय?" मंगळवारवाल्यांनी टाळ्या पिटल्या.

राणीआईंनी विचारलं, "फीफी, चुकलं की मुद्दाम केलंस?"

फीफींनी रीतीप्रमाणे चपला काढल्या, खांद्यावरचं कापड खाली घेतलं. 

"चुकलं नाही, राणीआई. आधी मापातच काढलं होतं. पण बघतो तर ती सगळी वस्ती माझ्या अंगठ्याखाली झाकली जायची. सकाळी तिकडे गेलो की दुपार कधी झाली ते कळायचं नाही मला. एवढं सगळं अंगठ्याएवढं काढवेना. म्हणून थोडं वाढवलं. दुसऱ्या दिवशी आणखी थोडं."

अंगणात असा हशा उसळला की झाडावरची वटवाघळं उडाली. मला वाटलं, आता आराबा विरघळणार. ती उठली.

"मला मोठं करा असं मी कधी म्हटलं होतं? घर चर्चएवढं केलंत, उद्यापासून सगळे मला बिशपबाई म्हणतील! मी आहे तिथे, आहे तेवढी दाखवा, एवढंच मागितलं होतं."

आणि बसली. फीफींचा चेहरा पार उतरला. मला आराबाचा असा राग आला म्हणता, मी तिला कचकन चिमटा काढला. "काय गं दगड आहेस!" ती म्हणाली, "तू कापडं काप."

राणीआईंनी कापड पुढ्यात ओढून घेतलं. मग म्हणाल्या, "कापड काही परत छापता येत नाही. नकाशा बदलत नसेल तर गाव बदलावं लागेल. फीफी, येत्या आक्वांबोला पल्याडचा रस्ता तू साफ करायचास. जेवढा रुंद काढलायस तेवढा. आणि देवांना ओतायला श्नॅप्स दारूची एक बाटली."

मागून कुणीतरी ओरडलं, "आणि ढुंगणाचं काय, राणीआई?"

"ढुंगण ज्याचं त्याने सांभाळावं."

मग मी दिवसरात्र कापडं कापली. आराबाने मात्र तिच्या कापडाला कात्री लावू दिली नाही. "नुसतं गुंडाळीन," म्हणाली. का, ते सांगितलं नाही.

आक्वांबोच्या सकाळी ढोल वाजले, श्नॅप्स जमिनीवर ओतली गेली, लोक आपापल्या वाटांना लागले. फीफी पुलापाशी कोयता घेऊन एकटेच. जन्मभर पेन धरलेला हात तो, थोड्याच वेळात फोडांनी भरला. मास्तर डाड्झी पट्टी घेऊन हजर. "अजून दोन हात रुंद! कापडावर बघा!" पण फीफी घामाघूम होऊन एका झुडपाशी झटतायत ते त्यांना बघवेना. "अहो, असा नाही धरत कोयता, द्या इकडे!" म्हणाले आणि अंगावरचं कापड खोचून कामाला लागले. ते बघून शुक्रवारवाले ढोल घेऊन आले, मग मंगळवारवाले कसे मागे राहतील? मीही गेले. इतकी मजा मला माझ्या लग्नातसुद्धा आली नव्हती.

ऊन चढलं तेव्हा पुढच्या झाडीतून कोयत्यांचा आवाज यायला लागला. आम्ही थांबलो, तरी तो थांबेना. शेवटचं लव्हाळं आडवं झालं आणि पलीकडे आराबा उभी, मागे पल्याडच्या सगळ्या बायका. तिच्या बाजूची वाट आमच्याइतकीच रुंद झाली होती. अंगाला नकाशा गुंडाळलेला, अख्खा, घामाने चिकटलेला.

फीफींनी तोंड पुसलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "आराबा, मी तुला परत विचारतोय."

तिने त्यांच्या फोडांनी भरलेल्या हाताकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, मागे आणि पुढे.

"एवढा रुंद रस्ता एकट्या बाईला काय करायचाय? दोघं शेजारी शेजारी जातील की यातून." तिने कोयता माझ्या हातात कोंबला. "चला. घर आहे तेवढंच आहे हां, आधीच सांगून ठेवते."