फोनवर सांगितलेली शुगर

आम्ही सिस्टर लोक रिटायर होताना दोनच गोष्टी घरी नेतो, गुडघेदुखी आणि किस्से. माझे बहुतेक किस्से एकाच टेबलावरचे, फोनच्या.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. नाशिकच्या एका खासगी हॉस्पिटलात आमच्या डॉक्टरांनी डायबेटिसच्या जुन्या पेशंटना शुगरचं मशीन घ्यायला लावलं. पेशंटनं सकाळी घरीच बोट टोचायचं, दर वेळी नव्या पट्टीवर थेंब घ्यायचा आणि आकडा मला फोनवर सांगायचा. मी डॉक्टरांना विचारून जेवणाआधी इन्सुलिन किती घ्यायचं ते कळवायची. ॲडमिट व्हायची वेळच येईना!

*

सायखेड्याचे दगूनाना एसटीडी बूथवरून ओरडायचे, "सिस्टर, एकशे साठ हाय!" चार दिवस तोच आकडा.

"नाना, रोज एकशे साठच कशी?"

"आवो, मशीनची पट्टी लय महाग. एका पट्टीवर आठवडा काढतो!"

*

कॉलेज रोडचे एक रिटायर्ड मास्तर पट्ट्यांची बिलं घेऊन विम्याच्या ऑफिसात गेले. तिथला साहेब म्हणाला, "घरी तपासलेलं चालत नाही. ॲडमिट व्हा, मग बघू."

पेन्शनीत परवडेना, मास्तरांनी पट्ट्या बंद केल्या. पुढे पायाची जखम चिघळली, अंगठा कापावा लागला, पंधरा दिवस ॲडमिट. ते एवढं मोठं बिल विम्यानं मुकाट्यानं भरलं!

मास्तर म्हणाले, "सिस्टर, अंगठा वाचवायला पैसे नव्हते त्यांच्याकडे. कापायला आहेत!"

*

मीटिंगमध्ये मॅनेजर म्हणाले, "सिस्टर, तुमच्या त्या फोनमुळे सहा कॉट रिकाम्या पडल्यात!"

मी खुळी. म्हटलं, "थँक्यू, सर!"



*

आठवड्यानं फोन काढायला माणूस आला. मॅनेजर म्हणे, खर्च परवडत नाही.

माझं डोकंच फिरलं. "सर, फोन पेशंट करतात. पैसे त्यांचे जातात!"

"आणि तुम्ही तासभर बोलता तो पगार कुणाचा?"

मला जनरल वॉर्डात टाकलं. पेशंटना कळवायचंही कुणाला सुचलं नाही.

*

चौथ्या दिवशी दुपारी एक बाई वॉर्डात मला शोधत आली. हरसूलची. तिच्या नवऱ्याचा आकडा रोज तीच फोनवर सांगायची, मी तिचा चेहरा पहिल्यांदाच बघत होते. बाजाराचा दिवस बुडवून, दोन तास एसटीनं आली होती. हातात चिठ्ठी.

"फोन लागंना, ताई. म्हून आकडा घेऊन आले. दोनशे चाळीस. सुई किती देऊ, बिगी सांगा. त्यो तिकडं जेवायचा थांबलाय!"