टर्कीचा पहिला वाटा

देवासच्या आमच्या घरात मटण-कोंबडी शिजली की कुत्र्याचा वाटा आधी काढतात, तोही आमच्याच पातेल्यातून. राखणदाराला वेगळं रांधून घालणं म्हणजे त्याचा अपमान, असं काकांचं म्हणणं. यंदा दसऱ्यानंतर दोन दिवसांनी त्यांनी हौसेने इंदूरहून टर्की, म्हणजे ती मोठी विलायती कोंबडी, आणली. काकू मसाला वाटत होती तेव्हाच मी म्हणाले, "काका, कुत्र्यासाठी चार तुकडे नुसत्या पाण्यात उकडू. कांदा, लसूण, मीठ नको, कातडी नको. आणि शिजलेलं हाड तर अजिबात नको. त्याच्या टोकदार काचऱ्या होतात आणि आतडी फाडतात."

काका हसले. "अगं, ये तो बीमारों का खाना है. आपला वाघ आहे वाघ!"

आणि रश्शात बुडवलेली तंगडी त्यांनी जेवायला आलेल्या पाहुण्यांदेखत कौतुकाने त्याला घातली. त्याने ती कडाकडा फोडली, तेव्हा पाहुण्यांनी वाहवा केली.

दुसऱ्या दिवशी तो रक्त ओकला. डॉक्टरांनी पोट उघडलं, पण तो वाचला नाही. "आयुष्यच तेवढं होतं बिचाऱ्याचं," काका म्हणाले. वर मलाच ऐकवलं, की तुझ्याच तोंडून अभद्र निघालं होतं.

आयुष्य म्हणे! पंधरवड्यापूर्वी याच स्वयंपाकघरात आजोबांचं श्राद्ध झालं होतं. काकूच्या हातात चुकून लसणाची पाकळी दिसली, तर हेच काका केवढे खेकसले होते तिच्यावर. मेलेल्या माणसाचं पथ्य आमच्याकडे काटेकोर पाळतात. जिवंत कुत्र्यासाठी चार तुकडे नुसत्या पाण्यात उकडणं मात्र कमीपणाचं.